हाताला काम, कामाला दर

मागच्या अंकात आमच्या सोलापूरच्या केंद्रातल्या मागांबद्दल मी चार ओळी लिहिल्या होत्या. युनिफॉर्मच्या आणि टॉवेलच्या कारखान्यांतून उरलेलं कात्रण आणायचं, त्याच्या पट्ट्या करायच्या आणि त्यातून पायपुसणी, आसनं, पिशव्या विणायच्या, असं आमचं काम. विणणारे सगळे दिव्यांग. त्यावर बरीच पत्रं आली. घरातल्या, शेजारच्या, कारखान्यातल्या दिव्यांग माणसाला काम कसं द्यायचं, हाच बहुतेकांचा प्रश्न आहे. मी विणकाम शिकवणारी बाई. लहानपणापासून माझ्या उजव्या पायाला कॅलिपर, म्हणजे आधाराची पट्टी आहे आणि पोटापुरतं मी हातावरच मिळवत आले. खाली जे सांगते आहे ते सगळं मागाजवळ बसून पाहिलेलं आहे.

ताई, मी विडी घरकुलात राहते, विड्या वळते. माझा मुलगा २४ वर्षांचा आहे, बौद्धिक अक्षम. अठरापर्यंत विशेष शाळेत गेला, तेव्हापासून घरीच. दिवसभर दारात बसतो, चिडचिड करतो. एका ठिकाणी वर्तमानपत्राच्या पिशव्या करायला बसवतात, महिन्याला २०० रुपये देतात. वेळ जाईल म्हणून पाठवू का? त्याला दहाच्या पुढं मोजता येत नाही.
एक आई, विडी घरकुल

ताई, वेळ जावा म्हणून पाठवू नका. कामासाठी पाठवायचं असेल तर जरूर पाठवा, पण आधी तिथं जाऊन तीन गोष्टी विचारा. मुलानं महिन्यात किती पिशव्या केल्या याची नोंद कोण ठेवतं? त्या पिशव्या कोण विकत घेतं? आणि काय भावानं घेतं? तुम्ही विड्या देता तेव्हा हजाराचा दर ठरलेला असतो. खराब म्हणून जास्त विड्या काढून टाकल्या तर तुम्ही तिथल्या तिथं भांडता. मुलाच्या कामालाही तोच न्याय लावा. पिशव्या कुणी घेतच नसेल, त्या कोपऱ्यात साठत असतील आणि २०० रुपये देणगीतून येत असतील, तर त्याला कामाला लावलेलं नाही, नुसतं बसवून ठेवलंय. आणि त्याला ते कळतं. बोलता येत नसलं तरी आपण केलेली वस्तू कुणाला हवी आहे की नको आहे, हे माणसाला बरोबर कळतं. त्याच्या चिडचिडीचं मूळ कदाचित इथंच असेल.

दहाच्या पुढं मोजता येत नाही याची काळजी करू नका. न मोजता काम होईल अशी चौकट करून देणं हे शिकवणाऱ्याचं काम आहे. आमच्याकडची पायपुसण्याची चौकट सांगते, सुताराकडून घरीही करून घेता येईल. लाकडी चौकट घ्यायची, वरच्या आणि खालच्या पट्टीवर सारख्या अंतरावर खिळे. त्यावर सुती दोरीचा ताणा, म्हणजे उभ्या दोऱ्या. हा ताणा आम्ही दोन रंगांत चढवतो, एक दोरी लाल, एक पांढरी, पुन्हा लाल, पुन्हा पांढरी. कात्रणाची पट्टी जाताना लाल दोरीच्या वरून न्यायची, येताना पांढरीच्या वरून. झालं, मोजायचं काही नाही. हात कुठं चुकला तर दोन फेऱ्यांत एकच रंग झाकला जातो आणि त्याचं त्यालाच दिसतं. चूक दाखवायला मला जावं लागत नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण आयुष्यभर या मुलांना दुसरेच चुका दाखवत आलेले असतात.

नवशिक्याचं पायपुसणं मधे आवळतं. पट्टी जरा ओढून घेतली जाते, कडा आत येतात, वस्तू दोन्ही टोकांना रुंद आणि मधे बारीक होते. असं पायपुसणं दुकानदार घेत नाही, आणि त्यानं ते घेऊ नयेच. यावर उपाय असा: ताण्याच्या दोन्ही कडांना एकेक लोखंडी सळई उभी लावायची आणि पट्टी वळवताना त्या सळईला वळसा घालून आणायची. कड आत सरकूच शकत नाही. विणून झालं की सळया वरून ओढून काढायच्या. कुठं थांबायचं यासाठी चौकटीवर निळ्या रंगाची रेघ. विणकाम रेघेला भिडलं की पायपुसणं पूर्ण. आमच्याकडचा एक जण, तुमच्या मुलाच्याच वयाचा, सुरुवातीला एका बैठकीत चार-पाच फेऱ्यांच्या वर टिकायचा नाही. आता त्याच्या कडा माझ्यापेक्षा सरळ येतात. कुणी पट्टी ढिली मारली की तो शेजारी जाऊन बोट ठेवतो.

आणखी एक. पत्रावरून तुमच्या घरी तेलुगू बोलत असणार असं वाटतं. शाळेत त्याला मराठीतून शिकवलं असेल. काम शिकवताना मात्र तेलुगूतून सांगायला लावा. सोलापूरच्या पूर्वभागातल्या कितीतरी मुलांना ‘कळत नाही’ असा शेरा मिळतो, आणि घरच्या भाषेत दोन शब्द सांगितले की हात चालू लागतो. तिथल्या शिक्षिकेला तेलुगू येत नसेल तर पहिले काही दिवस तुम्ही स्वतः शेजारी बसा.

पैसे त्याच्या नावावरच्या खात्यात जाऊ द्यात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ प्रमाणे दिव्यांग माणसाला स्वतःचे पैसे बाळगण्याचा, खातं चालवण्याचा, कर्ज घेण्याचा इतरांइतकाच हक्क आहे. बँकेनं पालकत्वाचा कागद मागितला तर राष्ट्रीय न्यास अधिनियम १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समिती असते, तिच्याकडे अर्ज करता येतो. त्याच कायद्याखाली निरामय ही आरोग्य विमा योजना आहे, बौद्धिक अक्षमता असलेल्यांना वर्षाला एक लाखापर्यंत संरक्षण मिळतं, त्याचीही चौकशी करा. पहिली कमाई आली की त्याला घेऊन बाजारात जा आणि काय घ्यायचं ते त्याला ठरवू द्या. त्यानं सगळ्या पैशाचे भजी खाल्ले तरी चालतील.

आमचं महिला मंडळ दर दिवाळीत प्रदर्शन भरवतं. यंदा एक टेबल स्पेशल मुलांच्या वस्तूंना फुकट द्यायचं ठरलं आहे. पणत्या, आकाशकंदील, पिशव्या. वर मोठा फलक लावू, मुलांचे फोटोही लावू, म्हणजे लोक मदत म्हणून घेतील. तुमच्या केंद्राच्या वस्तू मिळतील का? दिवाळीला तीन आठवडे आहेत.
मंडळाच्या सचिव, होटगी रोड

तुमची तळमळ खरी आहे म्हणून स्पष्ट लिहिते. टेबल द्या, आनंदानं घेऊ. फलक आणि फोटो मात्र नकोत.

आमच्याकडे काम करणाऱ्यांत कुणी मूल नाही. एकीच्या केसांत पांढरी बट आहे, एकाचं लग्न झालंय. त्यांना स्पेशल मुलं म्हटलेलं त्यांना आवडत नाही. त्यांचे फोटो भिंतीवर लावायचे तर प्रत्येकाला विचारून, आणि नाही म्हणाले तर नाही. टेबलावर कार्ड ठेवायचंच असेल तर वस्तूबद्दल लिहा: सोलापूरच्या टॉवेल कारखान्यांतलं कात्रण, हातानं विणलेलं, मशीनमध्ये धुतलं तरी चालतं. विणणाऱ्याची इच्छा असेल तर खाली त्याचं नाव.

मदत म्हणून घेतलेली पिशवी माणूस घरी नेऊन माळ्यावर टाकतो आणि पुढच्या वर्षी म्हणतो, गेल्या वर्षी घेतली होती की. चांगली म्हणून घेतलेली पिशवी फाटली की तो दुसरी घ्यायला येतो. आमचं पोट त्या दुसऱ्या पिशवीवर आहे. बाबा आमट्यांची महारोगी सेवा समिती १९४९ ची. वरोऱ्याच्या आनंदवनात कुष्ठरोगातून बरे झालेले आणि अपंग लोक मागावर बसतात, आणि त्यांचं कापड गिऱ्हाईक आजही घेतं. इतकी वर्षं नुसत्या दयेवर कुठलाही माग चालत नाही. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक स्वतः चाकाच्या खुर्चीत, त्यांच्या संस्थेनं सिंधुदुर्गात काजूचा उद्योग उभा केला. तिथंही काजू चांगलाच लागतो, खाणारा तोंडाला खवट लागलेला काजू कौतुकानं गिळत नाही.

आता किमतीबद्दल. प्रदर्शनात लोक घासाघीस करतात आणि शेवटी ‘यांना तेवढंच पुष्कळ’ म्हणून भाव पाडला जातो. आमचा दर कसा ठरतो ते सांगते, म्हणजे तुम्ही काउंटरवर ठामपणे सांगू शकाल. सरावलेला, कुठलंही अपंगत्व नसलेला विणकर आठ तासांत किती नग काढतो ते पाहायचं. समजा आठ. त्या दिवसाचं सरकारी किमान वेतन आठनं भागायचं. तो एका नगाचा दर, आणि तो सगळ्यांना एकच. कुणी दिवसात आठ काढेल, कुणी तीन काढेल, पण दिव्यांग म्हणून नगामागं कुणाचा पैसा कापायचा नाही. त्यात कात्रण, दोरी, रिक्षाभाडं, जागेचं भाडं मिळवलं की विक्रीची किंमत. बाजारात तसाच माल त्याहून स्वस्त मिळत असेल तर आम्हाला नमुना बदलावा लागतो, रंगसंगती सुधारावी लागते, चौकट सुधारावी लागते. हातांची मजुरी कमी करून स्वस्त होण्याचा रस्ता आम्ही बंद ठेवलाय.

तीन आठवड्यांत नवीन माल होणार नाही. आहे तेवढा देते. पुढच्या वर्षीची ऑर्डर आषाढीच्या सुमारास द्या आणि निम्मी रक्कम आगाऊ द्या, कारण कात्रणवाला उधार देत नाही. दिवाळीच्या तोंडावर घाईनं आलेल्या मोठ्या ऑर्डरीनं आमच्यासारख्या केंद्रांचं फार नुकसान होतं. सगळे रात्री उशिरापर्यंत राबतात, माल कच्चा उतरतो, आणि दिवाळी झाली की तीन महिने हात रिकामे. तुमच्या मंडळाला खरंच काही करायचं असेल तर महिन्याला थोडी थोडी का होईना, पण बाराही महिने ऑर्डर द्या. सभासदांच्या घरची पायपुसणी, मंडळाच्या भेटवस्तू, हॉलची आसनं. खराब निघालेला नग परत पाठवा, संकोच करू नका. आणि जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला होम मैदानावर एखादा गाळा मिळवून द्यायला कुणाची ओळख असेल तर ती मात्र मी हक्कानं मागते.

माझी बहीण पोलिओमुळं चालू शकत नाही. तिला संजय गांधी योजनेचे पैसे मिळतात. शिवणकाम चांगलं करते, पण वडील म्हणतात कमावलं तर योजनेचा पगार बंद होईल, म्हणून ती फुकटच सगळ्यांचे कपडे शिवून देते. काय करावं?
एक भाऊ, माढा तालुका

वडिलांची भीती खोटी नाही. या योजनेत दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५०,००० रुपये आहे. महिन्याला चार हजारांच्या थोडं वर गेलं की मर्यादा ओलांडली. ही मर्यादा म्हणजे हातात कला असलेल्या माणसाला घरात डांबून ठेवण्याचा नियम झाला आहे आणि तो बदलला पाहिजे. दिव्यांग संघटना ही मागणी करतात, तुम्हीही आमदारांना लिहा. महाराष्ट्रात २०२२ पासून दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग आहे, त्यांनाही लिहा.

तोवर काय? फुकट शिवणं आधी आजच थांबवा. दर ठरवून दारावर कागद लावा, ब्लाउज इतके, परकर इतके, आणि वही ठेवा. हिशोब तिनं लिहायचा. तिची कमाई धरून घरचं उत्पन्न वर्षभरात मर्यादेच्या आत राहिलं तर दोन्ही पैसे मिळतील. पुढं जाईल असं दिसलं तर घरच्यांनी एकत्र बसून ठरवा, पण त्या बसण्यात ती असली पाहिजे आणि शेवटचा शब्द तिचा. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावे लागतात. पायानं चालवायच्या मशीनला मोटर बसवण्यासाठी त्यातून मदत मागा. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या.

मी दृष्टिहीन आहे, वय २१. अंधशाळेत खुर्च्या विणायला शिकले. बारावी झाले, मराठी आणि इंग्रजीत चांगले गुण होते. घरी आले तर सगळीकडं प्लॅस्टिकच्या खुर्च्या. माझ्या हातातली कला वाया गेली का? हातमाग शिकायला सोलापूरला येऊ का?
एक वाचक, मोहोळ

वाया काहीच गेलेलं नाही. वेताची जाळी विणताना तुमच्या बोटांनी भोकं ओळखायला, पट्टीचा ताण सारखा ठेवायला आणि उलटसुलट जाणारे पदर एकमेकांत न गुंतवता चालवायला शिकलं. मागावर हेच लागतं. आमच्याकडं दृष्टिहीन विणकरांसाठी सुताच्या प्रत्येक रंगाच्या डब्याला वेगळ्या आकाराचं बटण लावलेलं असतं, चौकोनी म्हणजे निळा, गोल म्हणजे पांढरा. फेऱ्यांचा हिशोब मण्यांच्या माळेवर, दहा फेऱ्या झाल्या की एक मणी पुढं. विणकामाची धार सरळ आली का, हे दृष्टिहीन विणकर तळहात फिरवून सांगतात आणि डोळ्यांनी पाहणाऱ्यांच्या आधी सांगतात.

जुन्या वेताच्या खुर्च्याही सगळ्या संपलेल्या नाहीत. कोर्टात, जुन्या कॉलेजांत, वकिलांच्या आणि डॉक्टरांच्या घरी त्या अजून आहेत आणि फाटल्या की विणणारा मिळत नाही म्हणून गच्चीवर पडतात. एक खुर्ची नीट विणून ती फिरती दाखवली तर दुरुस्तीचं काम मिळेल.

पण तुमच्या पत्रात मला दुसरंच काहीतरी दिसतं. गुणांबद्दल तुम्ही न विचारता लिहिलंत. शाळेनं वेत हातात दिला म्हणून आयुष्यभर वेतच विणायचा, असं काही नाही. दृष्टी नाही म्हटलं की खुर्ची विणणं, खडू करणं, मेणबत्त्या करणं, हे आपल्याकडं ठरूनच गेलंय आणि मला त्याचा राग येतो. ज्याला हातकाम आवडतं त्यानं ते करावं आणि त्याला पुरे दाम मिळावेत. ज्याला दुसरं काही करायचं आहे त्याला केवळ जवळ दुसरं केंद्र नाही म्हणून मागावर बसवू नये. २०१६ च्या कायद्यानं सरकारी नोकऱ्यांत दिव्यांगांना ४ टक्के आरक्षण आहे, त्यातला एक टक्का दृष्टिहीन आणि अल्पदृष्टी असणाऱ्यांचा. स्क्रीन रीडर, म्हणजे संगणकाच्या पडद्यावरचं वाचून दाखवणारी सोय, शिकून बँकेच्या, मंत्रालयाच्या परीक्षा देणारी मुलं-मुली आहेत.

तेव्हा सोलापूरला या, एसटीत दिव्यांगांना ७५ टक्के सवलत आहेच. चार दिवस मागावर बसा. मग मनात जे असेल ते मला सांगा. माग शिकण्याचं ठरलं तर मी आहे, संगणकाचं ठरलं तर कुणाकडं पाठवायचं ते पाहू. माझ्या मनाला बरं वाटावं म्हणून मात्र हातमाग निवडू नका.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझा टॉवेलचा कारखाना आहे. दोन कर्णबधिर तरुण कामाला विचारत आले. घ्यायची इच्छा आहे. पण मशीनचा आवाज ऐकू येत नाही, अपघात झाला तर? पॅकिंगला बसवावं म्हणतो, तिथं धोका नाही. पगार थोडा कमी दिला तर चालेल का?
एक कारखानदार

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी. नाही, चालणार नाही. तोच नग, तोच दर. सवलत हवी असेल तर ती सरकारकडून घ्या: ईएसआयसाठी, म्हणजे कामगार राज्य विम्यासाठी, इतर कामगारांना पगाराची मर्यादा २१,००० आहे, दिव्यांग कामगारांना २५,०००. मालकाच्या हिश्श्याबाबतही केंद्राची योजना आहे, तुमच्या हिशोबनिसाला चौकशी करायला सांगा.

दादा, तुमच्या शेडमध्ये माग सुरू असताना ऐकू येणाऱ्या माणसाला तरी काय ऐकू येतं? तिथं सगळेच खुणांनी बोलतात. मागवाला माग नजरेनं आणि हातानं ओळखतो: धागा तुटला, कांडी संपली, आडवा धागा नेणारा धोटा नीट जात नाही, हे कापडावर दिसतं आणि चौकटीच्या थरथरीत जाणवतं. म्हणून त्यांना सरळ पॅकिंगला बसवू नका. त्यांना विचारा, माग शिकायचा आहे का. मागावरची मजुरी जास्त असते आणि पॅकिंगमधून पुढं जायला रस्ता नसतो.

सुरक्षेसाठी थोडा खर्च करावा लागेल, कायदा याला वाजवी सोयी म्हणतो. प्रत्येक मागावर, माग थांबला की पेटेल असा लाल दिवा. आगीच्या भोंग्याबरोबर लुकलुकणारा दिवा, शेडमध्ये आणि संडास-बाथरूमकडंही. हातगाड्या जिथून जातात तिथं जमिनीवर पिवळा पट्टा आणि वळणावर आरसा. पाठीमागून येऊन खांद्यावर थाप मारायची नाही, माणूस दचकतो आणि हात मागात जाऊ शकतो. समोरून यायचं, हात हलवायचा, हे सगळ्यांना सांगा. यातली प्रत्येक गोष्ट तुमच्या ऐकू येणाऱ्या कामगारांनाही सुरक्षित करते.

मुकादमाला खुणा शिकाव्या लागतील. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्रानं १०,००० शब्दांचा सांकेतिक कोश केला आहे, त्यावरून रोजच्या बोलण्याच्या खुणा घेता येतील. मागाच्या कामाच्या खुणा त्या दोघांनाच ठरवू द्या आणि मुकादमानं त्यांच्याकडून शिकाव्यात. पगार, बोनस, सुट्टी याचं बोलणं करताना दुभाषी बोलवा. अनेक कर्णबधिरांना लांबलचक मराठी कागद वाचून उमजत नाही, आणि न उमजलेल्या कागदावर सही घेऊ नका.

दोघांना एकदमच घ्या, एकाला नको. जेवणाच्या सुट्टीत सगळी शेड तेलुगूत नाहीतर मराठीत गप्पा मारणार आणि एकटा पोरगा डबा घेऊन भिंतीकडं बसणार. आमच्याकडून चांगली नोकरी लागलेली, पण याच एका कारणानं ती सोडून आलेली मुलं मी पाहिली आहेत. दोघांना एकाच पाळीत, शेजारशेजारच्या मागांवर ठेवा. पहिल्या महिन्यात मला फोन केलात तर मी येऊन दिवे आणि पट्टे कुठं हवेत ते त्या दोघांसोबत पाहून जाईन. जिना नसला म्हणजे झालं.